खेळाडूंचा कौल किती खरा?

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने संगणकावर एक खेळ रचावयास घेतला आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. या खेळात चित्रे नव्हती, ध्वनी नव्हता. पडद्यावर उमटणारे शब्द एवढेच त्याचे भांडवल होते. परंतु त्यात एक गोष्ट विशेष होती. निरनिराळ्या ठिकाणी बसलेली माणसे एकाच वेळी त्या काल्पनिक भुयारात शिरू शकत आणि एकमेकांशी बोलू शकत. खेळता खेळता परक्या माणसाशी लेखी संभाषण करण्याच्या अशा रीतीला पुढे चॅट हे नाव रूढ झाले. आज जगातील कोट्यवधी लोक दररोज असे खेळ खेळतात आणि खेळाबरोबर, कित्येकदा खेळाहूनही अधिक, या संभाषणात रमतात.

जेथे संभाषण आले तेथे भांडणही आले. पराभवाच्या क्षणी निघालेला अपशब्द, नवख्या खेळाडूची टवाळी, स्त्रियांना उद्देशून केलेली अश्लील शेरेबाजी, जातिवंशावरून दिलेल्या शिव्या यांना आवर घालावयाचा कोणी आणि किती, हा प्रश्न अशा प्रत्येक समूहापुढे लवकरच उभा राहतो. त्यासाठी मॉडरेटर, म्हणजे संभाषणाचे नियंत्रक, नेमले जातात. हे बहुधा खेळाडूंपैकीच असतात आणि पुष्कळदा विनावेतन काम करतात. ते मजकूर पुसतात, ताकीद देतात, काही काळ एखाद्याचे तोंड बंद करतात, प्रसंगी त्याला बाहेर काढतात. साहजिकच त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी रोष असतो. कोणी म्हणतो, यांची हुकूमशाही चालली आहे. कोणी म्हणतो, यांच्या डोळ्यांदेखत वाटेल ते चालते.

अशा वेळी वाद मिटविण्याचा सोपा आणि लोकशाहीला धरून असलेला मार्ग म्हणून मतचाचणी घेतली जाते. ‘नियंत्रण फार कडक आहे काय?’ असा प्रश्न टाकावयाचा, खाली दोन-तीन पर्याय द्यावयाचे, चार दिवस थांबावयाचे आणि आलेले आकडे सर्वांपुढे ठेवावयाचे. आकडा समोर आला की चर्चा थांबते, कारण आकड्याशी हुज्जत कशी घालावी हे पुष्कळांना ठाऊक नसते. या आकड्यावर विश्वास ठेवावा काय, ठेवावयाचा तर किती, आणि तो बोलतो तरी कोणाच्या वतीने, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

उत्तर कोण देतो?

प्रथम एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खेळाच्या समूहात वीस हजार सभासद आहेत. त्यांपैकी एक हजार लोक नियंत्रकांवर नाराज आहेत. उरलेल्या एकोणीस हजारांची विशेष तक्रार नाही. मतचाचणी जाहीर होते. नाराज माणसाला या प्रश्नाविषयी आस्था असते, म्हणून त्यांच्यातील साठ टक्के, म्हणजे सहाशे जण, मत नोंदवितात. ज्यांची तक्रार नाही ते आपल्या खेळात दंग असतात. त्यांच्यातील केवळ दोन टक्के, म्हणजे तीनशे ऐंशी जण, थांबून उत्तर देतात. एकूण मते झाली नऊशे ऐंशी. त्यांपैकी सहाशे, म्हणजे एकसष्ट टक्के, म्हणतात की नियंत्रण फार कडक आहे. वस्तुतः असे वाटणारे लोक समूहात पाच टक्केच आहेत. कोणीही खोटे बोलले नाही, कोणी दोनदा मत दिले नाही, बेरीज चुकली नाही. तरीही निष्कर्ष साफ चुकला. चूक आकड्यांत नव्हती. उत्तर कोणी द्यावे हे उत्तर देणाऱ्यांच्याच मर्जीवर सोडले होते, तेथे ती घडली.

हाच झुकाव उलट दिशेनेही पडू शकतो. नियंत्रकांचे स्नेही आणि समर्थक अधिक संघटित असतील, तर तीच चाचणी ‘सर्व काही ठीक आहे’ असा निर्वाळा देईल. म्हणून अशी चाचणी नेहमी तक्रारखोरांच्याच बाजूने कलते असे नाही. ती कोणत्या बाजूने आणि किती कलली आहे हे तिच्या आकड्यांकडे पाहून कळत नाही, हाच तिचा मुख्य दोष होय.

मते पुष्कळ असली म्हणजे हा दोष धुऊन निघतो, असा एक समज आहे. तो किती भ्रामक आहे हे अमेरिकेतील १९३६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीने दाखवून दिले. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. त्यासाठी नावे घेतली ती मुख्यतः दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. वीस लाखांहून अधिक उत्तरे परत आली. त्यांवरून साप्ताहिकाने भाकीत केले की आल्फ्रेड लँडन सुमारे ५७ टक्के मते मिळवून विजयी होतील. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि ४८ पैकी ४६ राज्ये त्यांनी जिंकली. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान परंतु विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांच्या विजयाचे भाकीत वर्तविले होते. मंदीच्या त्या काळात ज्यांच्या घरी दूरध्वनी वा मोटार होती ते सामान्य मतदारांचे प्रतिनिधी नव्हते, हे तर खरेच. पण ज्यांच्याकडे मतपत्रिका पोहोचली त्यांच्यातही ती भरून परत पाठविण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्या मतांत अंतर होते, असे पुढील अभ्यासात दिसून आले. यादीत झालेली चूक आणि उत्तराच्या उत्साहाने केलेली चूक अशा दोन्ही तेथे एकत्र आल्या होत्या.

असाच दुसरा दाखला १९७५-७६ च्या सुमाराचा. ॲन लँडर्स या नावाने अमेरिकन वृत्तपत्रांत वाचकांना सल्ला देणाऱ्या लेखिकेने विचारले की, पुन्हा संधी मिळाली तर तुम्ही मुले होऊ द्याल काय? सुमारे दहा हजार पत्रे आली आणि त्यांतील सत्तर टक्क्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. पुढे ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने शास्त्रशुद्ध नमुना घेऊन तोच प्रश्न विचारला, तेव्हा ९१ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटले. ज्यांची मुले त्यांना सुखात ठेवीत होती त्यांनी लेखणी उचललीच नव्हती.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा होते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पण त्याआधी ती भात ढवळते. ढवळणे म्हणजे कोणते शीत हाती येईल हे दैवावर सोडणे. संख्याशास्त्रात यालाच यादृच्छिक निवड म्हणतात. समूहातील प्रत्येकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी असावी आणि निवड त्याच्या इच्छेने वा विचारणाऱ्याच्या सोयीने होऊ नये, एवढीच अट आहे. ही अट पाळली तर हजार माणसांचा नमुना कोट्यवधी लोकांचे मत सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने सांगू शकतो. ती न पाळली तर दहा लाख मतेही निरुपयोगी ठरतात, कारण नमुना वाढविल्याने योगायोगाची चूक कमी होते, झुकावाची होत नाही.

या शास्त्रात भारताचे स्थान मोठे आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली, बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पाहणीने बांधून दाखविला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचा पाया घातला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा या विषयावरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांत अभ्यासला गेला. पिकांच्या पाहणीत सुखात्मे यांनी एक सूक्ष्म गोष्ट दाखवून दिली होती. कापणीसाठी शेतातील अगदी लहान तुकडा आखला, तर सीमेवरील रोपे आत धरण्याकडे माणसाचा नकळत कल होतो आणि उत्पन्न आहे त्याहून अधिक भरते. मोजणारा प्रामाणिक असला तरी मोजण्याची रीतच आकडा वाकवू शकते. खेळाडूंच्या मतचाचणीला हा धडा जसाच्या तसा लागू पडतो.

जे तेथे नाहीत त्यांचे मत

चॅटच्या नियंत्रणाविषयीच्या चाचणीत आणखी एक अडचण आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. मत देण्यासाठी माणूस समूहात असावा लागतो. ज्यांना त्या संभाषणाचा उबग आला ते केव्हाच निघून गेलेले असतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत काम करीत असलेले गणिती आब्राहम वाल्ड यांच्यापुढे असाच प्रश्न आला होता. मोहिमेवरून परत आलेल्या विमानांवर शत्रूच्या माऱ्याच्या खुणा कोठे कोठे आहेत याची नोंद उपलब्ध होती. तीवरून विमानाचा कोणता भाग अधिक नाजूक हे ठरवावयाचे होते. वाल्ड यांच्या विवेचनाचे सार असे की, ही नोंद केवळ परतलेल्या विमानांची आहे. ज्या भागावर खुणा कमी दिसतात तेथे मारा कमी झाला असे नव्हे. तेथे मारा बसलेली विमाने परतलीच नाहीत. संख्याशास्त्रावर व्याख्याने देण्यासाठी भारतात आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात वाल्ड यांचा अंत झाला, ही दैवाची क्रूर गोष्ट होय.

खेळाच्या समूहातही गणना होते ती परतलेल्या विमानांची. अमेरिकेतील अँटि-डिफमेशन लीग या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत, इतरांसमवेत ऑनलाइन खेळणाऱ्या प्रौढांपैकी ७४ टक्के लोकांनी आपल्याला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा त्रास झाल्याचे सांगितले. अशा त्रासापायी काही खेळ सोडून दिल्याचे सांगणारेही त्यांत होते. एखादी मुलगी आपला आवाज कोणाच्या कानी पडू नये म्हणून ध्वनिसंभाषण बंद ठेवून खेळते आणि काही महिन्यांनी खेळणेच सोडते. पुढे त्या समूहात ‘येथील वातावरण तुम्हाला कसे वाटते?’ असा कौल घेतला जातो आणि नव्वद टक्के लोक ‘उत्तम’ म्हणतात. ते खरेच बोलतात. वातावरण त्यांना मानवले म्हणूनच ते तेथे उरले आहेत. चाचणीने समूहाचे आरोग्य मोजले नाही. न सोसणारे वगळून उरलेल्यांचे समाधान मोजले.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नियंत्रकांनी ज्यांना बाहेर काढले तेही मत देऊ शकत नाहीत. त्यांतील काहींवर अन्याय झालेला असणे शक्य आहे. म्हणजे नियंत्रणाची ज्यांना सर्वाधिक झळ लागली आणि नियंत्रणाच्या अभावाची ज्यांना सर्वाधिक झळ लागली, ते दोन्ही गट या कौलात गैरहजर असतात.

एक माणूस, अनेक मते

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बोटाला शाई लावतात. संगणकाच्या पडद्यावर बोट दिसत नाही. २००९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातील सर्वांत प्रभावशाली व्यक्ती कोण, यावर इंटरनेटवरून मते मागविली. मूट या टोपणनावाने वावरणाऱ्या, एका संकेतस्थळाच्या एकवीस वर्षांच्या संस्थापकाच्या नावे १,६७,९४,३६८ मते नोंदली गेली. त्याच्या चाहत्यांनी संगणकाकडूनच मते टाकविली होती. एवढेच नव्हे, तर पहिल्या एकवीस नावांचा क्रम असा लावला होता की त्यांची आद्याक्षरे एकापुढे एक वाचली असता त्यांच्यापैकीच लोकांना कळणारे एक वाक्य तयार व्हावे. नामांकित साप्ताहिकाची ही गत, तर खेळाच्या समूहातील साध्या चाचणीचा पाड तो काय? संगणकावर वेगाने हात चालविणारे तरुण जेथे एकत्र येतात, तेथे एका माणसाने पाच नावांनी वावरणे ही नवलाची गोष्ट नाही.

कधी कधी असमान मत नियमातच बसलेले असते. खेळ थेट दाखविणाऱ्या ट्विच या माध्यमावर मतचाचणीची सोय झाली, तेव्हा प्रेक्षकांना साठविलेले गुण खर्चून जादा मते देता येतील अशीही तरतूद करण्यात आली. खेळात पुढे कोणती वाट घ्यावी हे ठरविण्यापुरती ती गंमत आहे; पण कोणाचे बोलणे बंद करावे हे त्या रीतीने ठरविणे म्हणजे ज्याची ऊठबस अधिक त्याचा शब्द अधिक, असा कायदा करणे होय.

प्रश्नाचे शब्द

कोकणात देवाला कौल लावण्याची प्रथा आहे. मूर्तीला चिकटविलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर होकार-नकार ठरतो. परंतु प्रश्न कसा घालावयाचा हे माणूस ठरवितो, आणि अर्धे उत्तर तेथेच ठरते. मतचाचणीचेही तसेच आहे.

१९४१ मध्ये डोनाल्ड रग यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग या संदर्भात मननीय आहे, कारण तो भाषणस्वातंत्र्याविषयीच होता. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना ‘बंदी घालावी काय?’ असे एका गटाला आणि ‘परवानगी द्यावी काय?’ असे दुसऱ्या गटाला विचारले गेले. ज्यांनी मत दिले नाही त्यांना वगळले असता, पहिल्या गटात ५४ टक्के लोकांनी बंदी घालावी असे म्हटले. दुसऱ्या गटात ७५ टक्के लोकांनी परवानगी देऊ नये असे म्हटले. परवानगी न देणे आणि बंदी घालणे यांत व्यवहारतः भेद नाही. तरीही एका शब्दाने वीसहून अधिक टक्क्यांचा फरक पडला. ‘नियंत्रकांनी बोलण्यावर बंधने घालावीत काय?’ आणि ‘नियंत्रकांनी सभासदांना शिवीगाळीपासून संरक्षण द्यावे काय?’ हे दोन प्रश्न एकाच नियमाविषयी विचारता येतील आणि त्यांची उत्तरे एकमेकांविरुद्ध येतील.

मत देण्यापूर्वी इतरांची मते दिसत असतील तर आणखी एक झुकाव पडतो. लेव मुच्निक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक लाखाहून अधिक प्रतिक्रिया घेतल्या आणि त्यांतील काहींना, त्यांचा दर्जा न पाहता, आरंभीच एक अनुकूल मत देऊन ठेवले. केवळ तेवढ्याने त्या प्रतिक्रियांचे अखेरचे गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. माणसे गर्दी जाते त्या बाजूला वळतात. ज्या चाचणीत चालू आकडे सर्वांना दिसतात, तिच्यातील पहिली पन्नास मते पुढील पाचशे मतांना वळण लावतात. आणि पहिली मते बहुधा सर्वाधिक संतापलेल्यांची असतात.

प्रत्यक्षातील प्रयोग

मतदानाने संभाषणाचे नियमन करण्याचा एक आद्य प्रयत्न अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० च्या सुमारास ‘लॅम्डामू’ नावाचे शब्दमय जग निर्माण केले. एसेक्सच्या भुयाराच्याच कुळातील हे जग होते. व्यवस्थापकांनी सामाजिक तंट्यांत पडू नये असे त्यांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले. १९९३ मध्ये बंगल नावाच्या एका पात्राने इतर पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णने सर्वांसमक्ष पडद्यावर उमटविली. घडले ते शब्दांत. पण ज्यांच्या पात्रांच्या वाट्याला ते आले त्यांची मनःपीडा खरी होती. सभासदांची सभा भरली, पुष्कळ बोलणे झाले, निर्णय झाला नाही. शेवटी एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अधिकारात ते पात्र नाहीसे केले. काही काळाने तोच मनुष्य दुसरे नाव घेऊन परतला.

या घटनेनंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली. सभासदांनी अर्ज करावा, पुरेशा सह्या मिळाल्यास तो मतदानाला जावा आणि विरोधापेक्षा दुप्पट मते पडल्यास व्यवस्थापकांनी तो अमलात आणावा, असा नियम झाला. पुढे १९९६ मध्ये व्यवस्थापकांनी जाहीर केले की सामाजिक निर्णयांपासून अलिप्त राहणे शक्य नाही, आणि अधिकार पुन्हा आपल्याकडे घेतला. मतदानाने नियम होऊ शकतात. परंतु मध्यरात्री घडणाऱ्या छळाला त्याच क्षणी आवर घालण्याचे काम मतदान करू शकत नाही, हे त्या तीन वर्षांत दिसून आले.

दुसरा प्रयत्न ‘लीग ऑफ लीजंड्स’ या खेळाचा. रायट गेम्स कंपनीने २०११ मध्ये ‘ट्रायब्यूनल’ म्हणजे न्यायसभा स्थापन केली. ज्याच्याविरुद्ध वारंवार तक्रारी आल्या असतील त्याच्या चॅटची नोंद अनुभवी खेळाडूंपुढे ठेवली जाई आणि त्यांनी ‘शिक्षा’ किंवा ‘क्षमा’ असे मत द्यावयाचे. साध्या मतचाचणीहून हिच्यात मोठा फरक होता. मत देणाऱ्यापुढे पुरावा असे आणि कोणते प्रकरण हाती यावे हे त्याच्या मर्जीवर नसे. तथापि येथेही एक खोच होती. आरंभी बहुमताशी जुळणारे मत दिल्याबद्दल खेळातील गुणांचे बक्षीस मिळे. त्यामुळे नोंद न वाचताच, बहुतेक जण काय म्हणतील याचा अंदाज बांधण्याचा मोह होई. पुढे ते बक्षीस काढून टाकण्यात आले आणि २०१४ मध्ये न्यायसभाच बंद झाली. तिच्यापुढे आलेल्या सुमारे १४ लाख ६० हजार खेळाडूंच्या प्रकरणांची सामग्री मात्र संशोधकांना उपलब्ध झाली आणि तिच्यावर अभ्यास झाले.

याच कंपनीने केलेले दुसरे काम अधिक बोधप्रद आहे. तिने मते न विचारता वर्तन मोजले. सदैव दुर्वर्तन करणारे खेळाडू सुमारे एक टक्काच निघाले, आणि एकूण शिवीगाळीतील त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता. उरलेली बव्हंशी शिवीगाळ एरवी सरळ वागणाऱ्या, पण त्या दिवशी डोके फिरलेल्या सामान्य खेळाडूंकडून होत होती. प्रतिपक्षाशी होणारे संभाषण आरंभी बंद ठेवले आणि ज्याला हवे त्याने ते स्वतः सुरू करावे अशी सोय केली, तेव्हा वाईट भाषेचे प्रमाण ३२.७ टक्क्यांनी घटले आणि चांगल्या संभाषणाचे ३४.५ टक्क्यांनी वाढले. ‘मूठभर गुंडांना हाकला’ किंवा ‘संभाषणच बंद करा’ असे पर्याय घालून कितीही मते मागविली असती, तरी हे सत्य त्यांतून हाती लागले नसते. कारण ते कोणाच्याच मतात नव्हते.

मतदानाचा योग्य उपयोग कसा होतो याचे उदाहरण ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या खेळात मिळते. २०१३ मध्ये जवळजवळ साडेचार लाख मतांच्या आधारे तो खेळ सुरू झाला आणि त्यात कोणतीही मोठी भर घालावयाची तर खेळाडूंच्या ७५ टक्के मतांची संमती लागेल असे ठरले. ही मर्यादा २०२२ मध्ये ७० टक्क्यांवर आणण्यात आली. येथे मताधिकार ठरावीक पात्रता असलेल्या सभासदांनाच आहे, बहुमताची अट कडक आहे आणि प्रश्न बहुधा खेळात काय असावे याविषयी असतात. खेळाचा समतोल आणि सचोटी राखण्यासाठी करावयाचे काही बदल मात्र कंपनी मताला न टाकता स्वतःच्या जबाबदारीवर करते.

मतदानाचा नुसता देखावा कसा होऊ शकतो तेही पाहण्याजोगे आहे. फेसबुकने २००९ मध्ये आपल्या नियमांवर सभासदांचे मतदान घेण्याचे मान्य केले. पण निर्णय बंधनकारक होण्यासाठी तीस टक्के सभासदांनी मत दिले पाहिजे, अशी अट घातली. डिसेंबर २०१२ मध्ये झालेल्या मतदानात ६,६८,८७२ लोकांनी भाग घेतला आणि सुमारे ८८ टक्के लोक प्रस्तावाच्या विरोधात गेले. सभासदसंख्या तेव्हा सुमारे शंभर कोटी होती. तीस टक्क्यांची अट पुरी झाली नाही, आणि प्रस्ताव अमलात आला. मतदानाची ती पद्धतही त्याच प्रस्तावाने संपुष्टात आणली.

कौल वाचावा कसा?

यावरून मतचाचण्या टाकाऊ आहेत असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. लोकांच्या मनात काय खदखदते आहे, कोणत्या शब्दांत ते आपली तक्रार मांडतात, याची सूचना त्यांतून मिळते. परंतु सूचना म्हणजे निकाल नव्हे. समूहापुढे आकडा आला की काही साधे प्रश्न विचारावेत. किती लोकांना विचारले आणि किती जणांनी उत्तर दिले? उत्तर देणारे स्वतःहून आले की निवडले गेले? एका माणसाला किती मते देता आली? प्रश्नाचे शब्द उलटे केले तर उत्तर टिकेल काय? चालू आकडे मतदारांना दिसत होते काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, समूह सोडून गेलेल्यांना कोणी विचारले काय? यांपैकी दोन-तीन प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, तर तो आकडा समूहाचा नसून त्या दिवशी तेथे जमलेल्यांचा आहे असे समजावे.

ज्यांना खरोखर जाणून घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी मार्ग अवघड नाही. सभासदांच्या यादीतून दोन-तीनशे नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काढावीत आणि त्यांना खासगीरीत्या विचारावे. उत्तर न देणाऱ्यांचा पुन्हा पाठपुरावा करावा. अलीकडे येणे थांबविलेल्यांची वेगळी यादी करून त्यांतीलही काहींना विचारावे. ‘नियंत्रण कसे वाटते?’ याऐवजी ‘गेल्या आठवड्यात तुम्हाला कोणी अपशब्द बोलले काय? तुमचा मजकूर पुसला गेला काय? का, हे तुम्हाला कळले काय?’ असे अनुभवाचे प्रश्न घालावेत. पुसलेल्या मजकुरापैकी काही नमुने, नावे झाकून, दोन निराळ्या माणसांना तपासावयास द्यावेत आणि त्यांचे मत किती जुळते ते पाहावे. एवढे केल्यावर जो आकडा हाती येईल तो कदाचित लहान असेल, पण त्याच्यामागे माणसे कोण आहेत हे ठाऊक असेल.

आणि एक मर्यादा या सर्वांच्या पलीकडे आहे. समजा, चाचणी निर्दोष झाली आणि ऐंशी टक्के लोकांनी सांगितले की विशिष्ट शिवी चालू द्यावी. ज्यांना ती शिवी दिली जाते ते उरलेल्या वीस टक्क्यांत असतील, तर हा कौल अचूक असूनही न्याय्य ठरत नाही. खेळात नवा नकाशा असावा की नसावा हे बहुमताने ठरविता येते. एखाद्याने अपमान सोसावा की नाही हे त्याच्या वतीने इतरांना ठरविता येत नाही. तो नियम नियंत्रकांनी आपल्या जबाबदारीवर करावयाचा असतो, त्याची कारणे उघडपणे सांगावयाची असतात, आणि ज्याच्यावर कारवाई झाली त्याला दाद मागण्याची वाट मोकळी ठेवावयाची असते. मतचाचणीच्या आड उभे राहून ही जबाबदारी टाळता येते, म्हणूनच ती पुष्कळांना सोयीची वाटते.